आईपासून तिचा आजार लपवायचं घरात ठरलंय. नैसर्गिक नियमाचं नीतिशास्त्र याला चूक म्हणतं, पण नेमकं का?

मरोळची_लेक

नमस्कार मंडळी. आम्ही मरोळचे ईस्ट इंडियन, कॅथलिक. आई ६७ वर्षांची आहे. तिच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. परळला तपासण्या झाल्या आणि रिपोर्ट भावाच्या आणि माझ्या हातात पडला. ऑपरेशनची वेळ निघून गेली आहे, केमोने थोडा काळ मिळेल, असं डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं. आई तेव्हा बाहेर बाकावर होती.

बाबा, मामा आणि भाऊ यांनी त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. आईला सांगायचं की पित्ताशयाला सूज आहे, औषधांनी उतरेल. केमोला म्हणायचं 'ताकदीचं सलाईन'. घरातल्या सगळ्यांनी हेच बोलायचं, मुलांनीसुद्धा. आई मात्र मे महिन्यातल्या बॉटल मसाल्याचे बेत करतेय, कुठल्या मिरच्या किती आणायच्या ते मला लिहून घ्यायला लावतेय. मध्येच थांबून विचारते, "काय गो, मला खरं काय झालंय?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून सांगते. त्यापुढे माझी जीभ उचलत नाही.

आमच्या पॅरिशच्या अभ्यासवर्गात ऐकलं होतं की नैसर्गिक नियमाप्रमाणे, म्हणजे माणसाच्या स्वभावावरून बुद्धीला कळणाऱ्या नीतीप्रमाणे, खोटं बोलणं कोणत्याही कारणासाठी योग्य ठरत नाही. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "हे पुस्तकातलं झालं. प्रेमापोटी बोललेलं खोटं देव मोजत नाही." आठवी आज्ञा पुढे केली तर म्हणतात, ती शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याबद्दल आहे, बहिणीला धीर देण्याबद्दल नाही. मला यावर उत्तर देता आलं नाही.

मी शाळेत गणित शिकवते. मला आज्ञा नको, सिद्धता हवी आहे. नैसर्गिक नियम बुद्धीला कळतो, त्यासाठी बायबल हातात असावं लागत नाही, असं म्हणतात ना? मग माझ्या हिंदू मैत्रिणीलाही पटेल असं कारण कुणी देईल का?

रात्रपाळी

ताई, मी कॅन्सरच्या वॉर्डात नर्स आहे. तत्त्वज्ञान इथले जाणकार सांगतील, मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. पेशंटला कळतं. केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर बसलेली बाई पहिल्याच दिवशी विचारते, "तुमचं कुठलं?" केस जातात, वजन उतरतं, घरचे दाराबाहेर जाऊन कुजबुजतात. मग पेशंट नातेवाइकांसाठी नाटक करायला लागतो आणि नातेवाईक पेशंटसाठी. दोन्हीकडचे रात्री मला एकेकटे सांगतात की त्यांना सगळं माहीत आहे. मला या गोष्टीचा फार त्रास होतो, कारण त्या दोघांना एकमेकांशीच बोलायचं असतं.

एक करा. डॉक्टरांना सांगा की आईलाच विचारा, "तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय? तुम्हाला सांगू की घरच्यांना?" काही पेशंट खरोखर म्हणतात, मुलाला सांगा. तेही चालतं. पण हा निर्णय त्यांचा असू द्या. केमोला संमतीची सही लागते, आणि पित्ताशयाच्या सुजेसाठी केलेली सही केमोची संमती कशी होईल?

वाडीवाला

मरोळची_लेक, मी गिरगावातला. तरुणपणी गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. पुरोहित झालो नाही, पण पुढे आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञानच शिकवलं. सिद्धता मागितलीत याचा आनंद झाला, कारण नैसर्गिक नियमाची मांडणी करणारे मध्ययुगीन विचारवंत संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांना हाच प्रश्न आवडला असता.

पाया ॲरिस्टॉटलचा आहे. कुठलीही गोष्ट चांगली की वाईट, हे ती गोष्ट काय आहे आणि तिची पूर्णता कशात आहे यावरून ठरतं. ज्याला दिसतं तो डोळा चांगला. हे आपल्या आवडीवर किंवा मतदानावर अवलंबून नाही. थॉमस हेच माणसाला लावतात. चांगलं करावं, त्याच्या मागे जावं, वाईट टाळावं, हे बुद्धीचं पहिलं सूत्र. मग माणसाचं चांगलं कशात? जगणं टिकवण्यात, हे तर सर्व वस्तूंसारखंच. मुलं होऊन ती वाढवण्यात, हे प्राण्यांसारखं. आणि सत्य जाणण्यात, ईश्वराबद्दलचं सत्यसुद्धा, आणि माणसांत राहण्यात. हे शेवटचं फक्त बुद्धी असलेल्या जीवाचं.

आता बोलण्याकडे या. माणसाचं हे शेवटचं कल्याण, म्हणजे सत्य जाणणं आणि सोबत राहणं, बोलण्यात एकत्र येतं. तुमच्या मनात काय आहे ते मला दिसत नाही. तुम्ही शब्दांतून ते मला देता आणि मी ते तुमचं म्हणून घेतो. 'असं आहे' हे विधान म्हणजे एवढंच: माझ्या मनातलं तुझ्या हाती देणं. मनात एक असताना दुसरंच विधान करणं म्हणजे ज्या कृतीला अर्थच या देण्यामुळे आहे, ती तिच्यावरच उलटवणं. म्हणून खोट्याचा दोष परिणामांत शोधावा लागत नाही. खोटं पचलं, कुणाचं भलंही झालं, तरी ती कृती आतून मोडलेलीच असते. आणि हो, यात बायबलचं एकही वचन वापरलेलं नाही.

आता मामांसाठी. थॉमस खोट्याचे तीन प्रकार करतात: नुकसान करणारं, गमतीचं आणि मदतीसाठी बोललेलं. मामांचं तिसऱ्या प्रकारातलं. थॉमसच्या मते ते महापाप नाही, हे मामांना जरूर सांगा, कारण ते बहिणीवरच्या मायेने बोलताहेत आणि त्यांना अपराधी ठरवून काहीच साधणार नाही. पण दोष हलका आहे म्हणजे करायला मोकळीक आहे असं नव्हे.

दुसरा भाग लोक विसरतात, आणि तुमच्या घरासाठी तोच जास्त महत्त्वाचा आहे. खोटं बोलू नये म्हणजे सगळं बोलून टाकावं असं अजिबात नाही. विवेकाने सत्य झाकून ठेवता येतं, असं थॉमस त्याच प्रकरणात लिहितात. गप्प राहता येतं, विषय बदलता येतो, विचारलं तेवढंच सांगता येतं, योग्य माणसाकडे पाठवता येतं. "डॉक्टरांना विचारून सांगते" हे तुम्ही खरंच विचारणार असाल तर खोटं नाही. मात्र मनातल्या मनात उरलेलं वाक्य पुरं करायची पळवाट नाही. तोंडाने खोटं बोलायचं आणि मनात अट घालून ते खरं मानायचं, ही युक्ती काही धर्मशास्त्री शिकवत होते. पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ साली ती नाकारली. 'ताकदीचं सलाईन' त्यातच बसतं.

कुणी म्हणेल, ज्याला सत्य जाणण्याचा अधिकारच नाही त्याला खोटं सांगितलं तर ते खोटं कसं? डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस १७व्या शतकात साधारण असंच म्हणत होता. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही खोट्याच्या व्याख्येत 'ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार आहे' अशी अट होती. १९९७ च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत ती काढली. मी वर्गात या बदलावर बराच वेळ घालवायचो, कारण बाहेरच्यांना तो किरकोळ वाटतो आणि आतल्या माणसाला सगळी इमारत हललेली दिसते. पण तुमच्या घरापुरतं बघाल तर अट ठेवा किंवा काढा, मामांची बाजू टिकत नाही. शरीर आईचं, आजार आईचा. तिच्याहून जास्त अधिकार कुणाचा? मामांचा? माझा?

उत्तर आफ्रिकेतले बिशप संत ऑगस्टीन यांनी सुमारे ४२० साली जवळपास तुमचंच उदाहरण घेतलंय. एक माणूस गंभीर आजारी आहे. त्याचा एकुलता मुलगा वारलाय, त्याला ते माहीत नाही, आणि कळलं तर तो तग धरणार नाही अशी भीती आहे. तो विचारतो, मुलगा जिवंत आहे ना? 'नाही' म्हणावं तर हा जाईल. 'आहे' किंवा 'माहीत नाही' म्हणावं तर दोन्ही खोटं. ऑगस्टीन कोरडेपणाने उत्तर देत नाहीत. हा प्रसंग आपल्याला फार हलवतो, असं ते उघड लिहितात. तरीही परवानगी देत नाहीत. एक कारण असं देतात की इथे दार किलकिलं केलं की ते हळूहळू उघडतच जातं. तुमच्याकडे बघा ना: आधी सूज, मग सलाईन, मग केस का गळतात याचं काहीतरी, मग मुलांना शिकवलेलं वाक्य.

अजून एक. माझ्या वडिलांना आम्ही सांगितलं होतं. तासभर ते कुणाशी बोलले नाहीत. मग बँकेचं पासबुक मागितलं, फादरांना निरोप पाठवायला सांगितला आणि उत्तनच्या भावाला फोन लावायला लावला. शेताच्या वाटणीवरून त्यांच्यात वर्षानुवर्षं अबोला होता. समेट झाला नाही, फोनवरही भांडलेच. पण बोलले. मरणाकडे जाणाऱ्या माणसाला करायची कामं असतात: पापनिवेदन, कम्युनियन, आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार, देणी-घेणी, कुणाला काय द्यायचं ते. पित्ताशयाची सूज असलेली बाई यातलं काहीच करणार नाही, ती बरं व्हायची वाट बघेल. तिचा हा वेळ तिच्या नकळत आपण खर्च करतोय, हे मला सगळ्यांत जास्त लागतं.

शिवाजीपार्क_कट्टा

वाडीवाला सर, मांडणी आवडली, पण इतक्या सहज मान्य करणार नाही. ताईंच्या आईंना सांगावं हे मलाही वाटतं, माझा विरोध 'कधीच नाही' याला आहे.

कर्णपर्वातला कौशिक आठवा. सत्य बोलायचं व्रत घेतलेला तपस्वी. चोरांच्या भीतीने माणसं रानात लपली, चोरांनी विचारलं, याने खरं सांगून टाकलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. श्रीकृष्ण अर्जुनाला ही गोष्ट सांगतो. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात, 'कर्मजिज्ञासा' प्रकरणात, ती घेतली आहे. आपल्या परंपरेला सत्य प्रिय आहे, पण आंधळं नाही.

दुसरं, बोलण्याचा उद्देश एकच कशावरून? बोलण्याने धीरही देतात. शिवाजी मंदिरात नट 'मी औरंगजेब' म्हणतो, तो खोटारडा का? लोकलमध्ये मी कानात बोळे घालतो, म्हणजे कानाच्या उद्देशाविरुद्ध गेलो का?

तिसरं, डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४० मध्येच विचारलंय की 'असं आहे' यातून 'असं असावं' कुठून काढता? डोळ्याचं काम पाहणं, हे शरीरशास्त्र झालं. नीती त्यात कुठून आली? आणि सगळ्या उद्देशांच्या मागे शेवटी देवच ठेवला असेल, तर ताईंच्या हिंदू मैत्रिणीला (आणि माझ्यासारख्या नास्तिकाला) हे पटायचं कसं?

वाडीवाला

कट्टा, असे प्रश्न विचारणारे वर्गात असायचे तेव्हा तास संपू नये असं वाटायचं.

बोळ्यांचं सोपं आहे. ऐकणं, बोलणं अशी एखादी शक्ती न वापरणं वेगळं, दुसऱ्या कामाला वापरणं वेगळं, आणि वापरत असतानाच तिला तिच्या उद्देशाविरुद्ध फिरवणं वेगळं. बोळे पहिल्यात येतात, तसंच मौनही. चूक तिसऱ्यातच आहे. नट काही विधान करत नाही. तिकीट काढून बसलेल्या कुणालाही तो औरंगजेब आहे असं वाटत नाही आणि त्याला तसं वाटायलाही नको असतं. पण मामा जेव्हा "सूज आहे" म्हणतात तेव्हा बहिणीने ते खरं मानावं अशीच त्यांची इच्छा असते. धीर देण्याचं म्हणाल, तर शब्दांनी धीर मिळतो तो ते खरे मानले जातात म्हणूनच. म्हणजे खोटा धीरही सत्यावरच्या विश्वासाची उधारी घेऊन उभा असतो.

'आहे' आणि 'असावं' यांमधली ह्यूमची दरी मी हलक्यात घेत नाही. पण ती दरी केव्हा पडते? वस्तूंमधून आधी त्यांचे उद्देश काढून टाकले की मग. ॲरिस्टॉटलच्या जगात 'हे हृदय आहे' असं म्हणताना चांगलं हृदय कसं असतं हे त्यात आलेलंच असतं. तुमच्यासारखीच नास्तिक असलेली तत्त्वज्ञ फिलिपा फूट २००१ साली याच वाटेने गेली. झाडाच्या मुळांना आपण चांगली किंवा खराब म्हणतो, त्याच व्याकरणात माणसाचा सद्गुण बसतो, असं तिचं म्हणणं. म्हणजे देव न मानता या वाटेवर बरंच दूर चालता येतं. थॉमसच्या मते नैसर्गिक नियम हा ईश्वराच्या शाश्वत नियमातला माणसाचा सहभाग आहे, तेव्हा मुळाशी ईश्वर आहेच आणि मी ते लपवणार नाही. पण खोटं वाईट आहे हे कळायला आधी ते मूळ खणावं लागत नाही. दुसऱ्या बाजूने सांगायचं तर कॅथलिक असलेल्या तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्सकोम यांनी १९५८ मध्ये बजावलं होतं की नियम देणारा काढून टाकून 'नैतिक कर्तव्य' हा शब्द तेवढा वापरत राहणं पोकळ आहे. या दोघी ऑक्सफर्डमधल्या सहकारी. त्यांच्यातला हा वाद मला अजूनही जिवंत वाटतो.

नैसर्गिक नियम मानणाऱ्या आमच्यातही एकमत नाही. आमच्यातलेच जर्मेन ग्रिझे आणि जॉन फिनिस (त्याचा मोठा ग्रंथ १९८० चा) 'शक्तीचा उद्देश' इथून सुरुवातच करत नाहीत. ते जीवन, ज्ञान, मैत्री अशा मूलभूत कल्याणांपासून निघतात. तरी खोट्याबाबत ते येऊन पोचतात तिथेच.

आता कौशिक. ही गोष्ट मला फार प्रिय आहे आणि तिच्यात मला विरोधापेक्षा सोबत जास्त दिसते. श्रीकृष्णाचा सल्ला दोन पायऱ्यांचा आहे. न बोलता सुटका होत असेल तर अजिबात बोलू नये. बोलणं भागच पडलं, किंवा न बोलल्याने संशय येणार असेल, तर तिथे असत्य बरं. पहिल्या पायरीवर थॉमस पूर्णपणे सोबत आहेत. चोरांना पत्ता सांगायचं कौशिकावर कसलंच बंधन नव्हतं, त्याला गप्प राहता आलं असतं. वाटा दुसऱ्या पायरीवर फुटतात. तिथे ऑगस्टीन थागास्तेचा बिशप फर्मस याची हकिगत सांगतात. त्याने एका माणसाला आसरा दिला होता. सम्राटाची माणसं आली तेव्हा तो म्हणाला, मी खोटंही बोलणार नाही आणि त्याला धरूनही देणार नाही. त्याचे हाल केले, तो बधला नाही, आणि शेवटी सम्राटाने त्या माणसाला माफी दिली. प्रत्येक गोष्टीचा शेवट असा होत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून कॅथलिक विचारवंतही या कठीण जागी पिढ्यान्‌पिढ्या अडखळत आलेत आणि मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. माझी स्वतःची बाजू फर्मसची.

पण मरोळच्या त्या घरात दाराशी चोर उभे नाहीत. ज्यांच्यापासून सत्य वाचवायचंय ती आईच आहे, आणि विचारणारीही तीच. शिवाय आपल्या आज्ज्या जो श्लोक म्हणायच्या तो मनुस्मृतीतला आहे: सत्य बोलावं, प्रिय बोलावं, अप्रिय सत्य बोलू नये, आणि प्रिय असलं तरी असत्य बोलू नये. थॉमसच्या इतकं जवळचं वाक्य मला दुसरीकडे सापडलेलं नाही. ताईंच्या मैत्रिणीला हेच सांगा, अक्वायनसचं नाव घ्यायची गरज नाही.

शिवाजीपार्क_कट्टा

दुसऱ्या पायरीवर मी श्रीकृष्णाच्या बाजूने राहणार. पण मौन आणि असत्य यांतला फरक इतका काटेकोर मी कधी पाहिला नव्हता. ताई, आईंना आराम पडो.

मरोळची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. मामांना रविवारी मिस्सानंतर देवळाबाहेरच गाठलं. 'महापाप नाही' हे ऐकल्यावर ते निवळले, नाहीतर ऐकूनच घेत नव्हते. बाबा अजून तयार नाहीत. इथल्या नर्स सिस्टरांनी (रात्रपाळी) सांगितलं तसं डॉक्टरांनी आईला एकटीला आत बोलावून विचारलं. ती म्हणाली, काय झालंय ते सांगा, किती दिवस ते सांगू नका. बाहेर आली तेव्हा तिला कॅन्सर हा शब्द माहीत होता, आणि तिने पहिलं काय विचारलं असेल तर, फार दुखेल का.

दोन गोष्टी अडल्या आहेत. 'किती दिवस' हे मला माहीत असताना तिच्यासमोर गप्प राहायचं, हे खोट्यात येतं का? आणि आळीतले सगळे विचारताहेत, त्यांना काय सांगायचं?

वाडीवाला

गप्प राहा. तिने स्वतःहून ते बाजूला ठेवलंय आणि तो तिचा हक्क आहे. फक्त उद्या तिने "मे महिन्यापर्यंत असेन ना?" असं सरळ विचारलं तर "नक्की असशील" म्हणू नका. तारीख डॉक्टरांनाही देता येत नाही, तेव्हा तेच सांगा, आणि तिला खरंच ऐकायचं असेल तर डॉक्टरांकडे पुन्हा घेऊन जा. आळीतल्यांना 'पोटाचा आजार आहे, परळला उपचार चाललेत' एवढं पुरे. ते खरं आहे आणि त्याहून जास्त मागायचा त्यांना अधिकार नाही. बाबांना घाई करू नका, पण आईसमोर त्यांनी सुजेचं पुन्हा काढलं तर त्यांना दुजोरा देऊ नका.

दुखण्याबद्दल एक सांगून ठेवतो, कारण आपल्या लोकांत मॉर्फिनची भीती फार. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं होतं की दुखणं कमी करणं हाच हेतू असेल आणि दुसरा उपाय नसेल, तर औषधाने आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरी ते देता येतं. गंभीर कारणाशिवाय माणसाची शुद्ध मात्र हिरावून घेऊ नये, असंही ते म्हणाले, कारण त्याला त्याची कामं पुरी करायची असतात. आईने सोसलंच पाहिजे असं आपला धर्म म्हणत नाही. हे बाबांनाही सांगा.

रात्रपाळी

मॉर्फिन डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात दिलं तर आयुष्य कमी करतं ही भीती बहुतेक वेळा खरी ठरत नाही. गोळी वेळेवर द्यायची, दुखायला लागायची वाट बघायची नाही. पोट साफ राहायचं औषध त्यासोबत पहिल्या दिवसापासून मागून घ्या, ते लिहायचं राहून जातं. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, ओपीडीत आताच नाव घाला, शेवटासाठी ठेवू नका.